परत आलेलं भांडं

दादी तांदूळ मापट्याने मापायची. पितळेचं मापटं, एका बाजूला कड जराशी चेपलेली. दाभोळच्या खाडीकाठचं आमचं घर, बाबा कुवेतला, घरात लहानमोठी आठ माणसं. दुपारच्या भाताला किती मापटी लागतात ते तिच्या हाताला पाठ होतं. ती तांदूळ सुपात घ्यायची, पाखडायची, खडे वेचायची आणि टोपात ओतायच्या आधी, बिस्मिल्ला म्हणून, सुपातली एक मूठ उचलून चुलीमागच्या फळीवर ठेवलेल्या डालड्याच्या जुन्या डब्यात टाकायची. संध्याकाळी पुन्हा तसंच. यात कधी खंड पडलेला मला आठवत नाही.

एकदा तिला ताप होता. मी सात-आठ वर्षांची असेन. अम्मीने सूप माझ्या पुढ्यात दिलं आणि मी शहाणपणा करून कणगीत हात घातला, एक मूठ काढली आणि थेट डालड्याच्या डब्यात टाकली. सुपातल्या तांदळाला हातच लावला नाही, म्हणजे भात पुरता होईल. दादी अंथरुणावरून बघत होती. तिने मला ती मूठ परत कणगीत टाकायला लावली आणि सुपातली घ्यायला लावली.

"कणगीतनं गेलेलं कोणाच्या पोटाला कळतंय?" ती म्हणाली.

तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. आता वाटतं, त्या घरात रोज दोन वेळा कोणाचा तरी एक घास कमी होत होता, आणि सगळ्यांत शेवटी जेवणारी दादी होती.

या मुठीला आमच्या घरात सदका म्हणत. अरबीत हा शब्द ज्या धातूवरून आला त्याचा अर्थ खरेपणा. सिद्क म्हणजे सत्य, आणि पैगंबरांचे साथीदार अबू बकर यांना ज्यामुळे सिद्दीक म्हणतात तो शब्दही त्याच घरचा. तोंडाने ईमान सांगणं सोपं आहे, हात सैल झाला की ते खरं ठरतं, असं काहीसं त्या शब्दाच्या पोटात आहे. आपल्याकडे मात्र सदका हा शब्द बराच आक्रसला. पोर आजारी पडलं की पैसे त्याच्यावरून ओवाळून कोणाला तरी द्यायचे, प्रवासाला निघालेल्याच्या उशाखाली नाणं ठेवायचं, एवढ्यापुरता तो उरला. त्यामागची आईची काळजी मला कळते. पण इतका मोठा शब्द नजर उतरवण्याच्या कामाला जुंपला गेला याचं वाईट वाटतं. त्याच्या भावंडांचंही मराठीत बरं झालं नाही. खैरात म्हणजे भलाई, चांगली कामं. आपण खैरात वाटली म्हणतो ती उधळपट्टीला. आणि जकात तर थेट नाक्यावर जाऊन उभी राहिली. लहानपणी एसटीच्या खिडकीतून जकात नाक्याची पाटी वाचून मला वाटायचं, इथे ट्रकवाले रमजानचा हिशेब देतात. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि उरलेसुरले नाकेही उठले. शब्द आता पुन्हा घरी आला आहे.

जकात आणि सदका यांतला फरक मला दादीनेच दाखवला, तोही एक शब्द न बोलता. जकात फर्ज आहे, म्हणजे बंधनकारक. तिला माप आहे, मुदत आहे, उंबरठा आहे. साडेसात तोळे सोनं किंवा साडेबावन्न तोळे चांदी, निदान तेवढ्या किमतीची शिल्लक तुमच्याकडे चांद्र वर्षभर राहिली, तर तिचा चाळिसावा हिस्सा द्यायचा, शंभराला अडीच. कोणाला द्यायचा तेही ठरलेलं, कुरआनात आठ प्रकारचे हकदार सांगितले आहेत. बाबा दरवर्षी कुवेतहून हिशेब करून पाठवायचे. दादीच्या अंगावर चार दागिने होते, पण आम्ही कोकणी मुसलमान धर्मशास्त्राच्या शाफई परंपरेचे, आणि शाफई मताप्रमाणे बाईच्या रोजच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. म्हणजे दादीवर एका पैशाची जकात बसत नव्हती. जकातीच्या दारात तिला जागाच नव्हती. मूठ मात्र तिची होती. तिला उंबरठा नव्हता, तारीख नव्हती, तिचा हिशेब कोणी मागणार नव्हतं. तिच्या मालकीचं जगात एवढंच होतं, आपल्या ताटातला घास, आणि त्यातून ती देत होती.

डबा भरला की तो खालच्या मोहल्ल्यातल्या खालाकडे जायचा. खाला म्हणजे मावशी. खालाचा नवरा बोटीवर गेला तो परत आला नाही. घरात ती आणि एक नात. मगरिबची नमाज झाली, उजेड मावळला की दादी तांदूळ टोपात ओतायची, वर फडकं बांधायची आणि मला पाठवायची. मागच्या दाराने जायचं, हाक मारायची नाही, कडी वाजवायची. वाटेत कोणी विचारलं तर टोप द्यायला चाललेय म्हणायचं. ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खालाची नात टोप परत आणायची. लखलखीत घासलेला, आणि कधीच रिकामा नाही. केळीच्या पानात बांधलेला शेवग्याचा पाला, सात-आठ आमसुलं, परसातल्या चार बिलिंब्या, काहीच नसलं तर एक लिंबू. आपल्या सगळ्या घरांत हा रिवाज आहे. माझ्या शाळेतल्या मैत्रिणीची आई आमच्याकडून गेलेला शिरखुर्म्याचा डबा परत देताना त्यात चिमूटभर साखर तरी घालायचीच. पण लिंबू खालाचं असलं की दादी ते त्याच दिवशी वापरायची, आणि जेवताना सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायची, "खालाचं लिंबू आहे."

बारा-तेरा वर्षांची झाल्यावर मला या सगळ्याचा त्रास व्हायला लागला. एक दिवस मी दादीला म्हटलं, "तिचंच तिला पुरत नाही. तू तिला सांग ना, काही घालू नकोस म्हणून."

दादी माझ्यावर क्वचितच चिडायची. त्या दिवशी चिडली. "तिचा हात धरणारी मी कोण?"

त्याच वर्षीच्या रमजानच्या शेवटच्या संध्याकाळची गोष्ट. फितरा पोचवायला मी खालाकडे गेले होते. ईदच्या नमाजेआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे धान्य द्यायचं, तान्ह्या मुलामागेसुद्धा, म्हणजे ईदच्या दिवशी कोणाच्या घरी चूल थंड राहत नाही. एका माणसामागे एक सा. सा हे मदीनेचं माप. एका सामध्ये चार मुद्द, आणि एक मुद्द म्हणजे मध्यम हाताच्या माणसाची भरलेली ओंजळ. किलोचा हिशेब नंतरच्या लोकांनी केला, अडीच म्हणा, तीन म्हणा. मूळ माप माणसाच्या हातांचं आहे. हे मला फार आवडतं. चार ओंजळी.

खाला जमिनीवर बसली होती. समोर टोपलीत तांदूळ, तीन-चार घरांतून आलेले, एकमेकांत मिसळलेले. ती दोन्ही हातांनी ओंजळ भरून फडक्यावर ओतत होती आणि मोजत होती. आठ ओंजळी. चार तिच्या, चार नातीच्या. त्यातले आमचे तांदूळ मला ओळखू आले, आमच्या शेतातला लालसर जाडा तांदूळ वाडीत दुसऱ्या कोणाकडे नव्हता. सकाळी आमच्या कणगीतून निघालेला दाणा खालाच्या ओंजळीत होता, आणि आता तो तिचा फितरा होऊन पलीकडच्या वाडीत निघाला होता, एका पांगळ्या माणसाच्या घरी.

यामागचं फिक्ह, म्हणजे धर्मशास्त्र, मला पुढे कळलं. हनफी या दुसऱ्या परंपरेच्या मताप्रमाणे फितरा द्यायलाही ठरावीक मालमत्ता लागते. शाफई मत तसं म्हणत नाही. ईदचा दिवस आणि ईदची रात्र स्वतःला आणि आपल्या माणसांना पुरून वर काही उरत असेल, तर तुम्ही देणारे. मग ते उरलेलं कालच कोणी तुम्हाला दिलेलं का असेना. म्हणजे ज्या बाईला चार घरांचा फितरा आला, तिच्यावर त्या फितऱ्यामुळेच फितरा द्यायची पाळी आली. कागदावर वाचलं तर हा नियम विचित्र वाटेल. गरिबाला द्यायचं आणि लगेच त्याच्याकडून काढायचं? पण मी खालाचा चेहरा बघितला आहे. ओंजळ मोजताना ती कोणाकडे बघत नव्हती. वर्षातून एकदा तिचा हात वरचा होत होता. मोजण्यात चूक होऊ नये म्हणून ती आकडा मोठ्याने म्हणत होती.

पैगंबरसाहेबांकडे गरीब साथीदार तक्रार घेऊन गेले होते, असं हदीसमध्ये आहे. सगळं पुण्य श्रीमंत घेऊन चालले, ते आमच्यासारखीच नमाज पढतात, रोजे ठेवतात, आणि वर उरलेल्या पैशातून सदकाही देतात, मग आम्ही काय करायचं? मला ही तक्रार फार हलवून जाते. ती माणसं पैसे मागायला गेली नव्हती. द्यायला मिळत नाही म्हणून गेली होती. आणि त्यांना मिळालेलं उत्तर सदक्याचं कुंपणच काढून टाकणारं होतं. अल्लाहचं नाव घेणं सदका, चांगल्या गोष्टीची आठवण करून देणं सदका. दुसऱ्या हदीसांतून ही यादी वाढतच जाते. वाटेतला काटा बाजूला करणं, भावाकडे हसून बघणं, एखाद्याला जनावरावर चढायला हात देणं. झाड लावलं आणि त्याचं फळ पाखराने खाल्लं तरी ते लावणाऱ्याच्या खात्यात. माणसाच्या अंगातल्या ३६० सांध्यांपैकी प्रत्येकावर रोज एक सदका देणं आहे. आणि यातलं काहीच जमत नसेल, तर निदान कोणाला त्रास देऊ नये, हाही सदकाच. ज्याच्याकडे खरोखर काहीच नाही त्यालाही या दारातून कोणी परत पाठवलेलं नाही.

या गोष्टींचा उपयोग लोक पुष्कळदा पैसे वाचवण्यासाठी करतात, हसलो म्हणजे झालं. ते बरोबर नाही. ही उत्तरं ज्यांचे हात रिकामे होते त्यांना दिलेली होती. ज्याच्याकडे भरलेली कणगी आहे त्याने ती आपल्याला लावून घ्यायची नाहीत.

पैगंबरसाहेबांच्या पत्नींपैकी जैनब बिन्त जहश यांची आठवण इथे येते. तुमच्यापैकी जिचा हात सगळ्यांत लांब, ती मला आधी येऊन भेटेल, असं पैगंबरसाहेबांनी पत्नींना सांगितलं होतं. ते ऐकून सगळ्याजणी आपापले हात मोजून बघू लागल्या. पैगंबरसाहेबांनंतर त्यांच्या पत्नींत पहिल्या गेल्या त्या जैनब, हिजरी २० मध्ये, आणि त्या अंगाने बुटक्या होत्या. मग सगळ्यांना उलगडलं. जैनब कातडी कमवायच्या, शिवायच्या, आणि त्या कामाचे पैसे वाटून टाकायच्या. लांब हात म्हणजे चामड्याचा वास येणारा, दाभणाने टोचलेला हात. असा हात मी बघितलेला आहे, म्हणून मला त्या कथेवर विश्वास ठेवणं जड जात नाही.

पण सगळ्यांत जवळची मला बरीराची गोष्ट. बरीरा ही गुलामीतून सुटलेली बाई, हजरत आयेशांच्या घरात वावरणारी. एकदा तिला कोणीतरी सदका म्हणून मांस दिलं. ते घरात चुलीवर शिजत होतं. पैगंबरसाहेब आले, त्यांच्यापुढे रोटी आणि घरात होतं ते कालवण ठेवलं गेलं. त्यांनी विचारलं, चुलीवर मांस दिसतंय ना? घरच्यांनी सांगितलं, ते बरीराला सदक्यात आलेलं आहे आणि तुम्ही तर सदका खात नाही. खरंच होतं ते, पैगंबरसाहेबांना आणि त्यांच्या घराण्याला सदका वर्ज्य. त्यावर ते जे म्हणाले त्याचा आशय असा, की तिच्यासाठी तो सदका आहे, तिच्याकडून आपल्याला ती भेट आहे.

मांस तेच, भांडं तेच, चूलही तीच. फक्त मध्ये बरीराचा हात आला आणि त्या मांसाची जात बदलली. दान घेणाऱ्या बाईच्या हातात पडलेली वस्तू पूर्णपणे तिची होते, इतकी, की ती त्यातून पाहुण्याला, अगदी पैगंबराला, भेट देऊ शकते. आणि पाहुणा ती घेतो. फकिहांनी, म्हणजे धर्मशास्त्र्यांनी, या हदीसवरून मालकी हक्काचे बरेच नियम काढले आहेत. मला मात्र त्यात खालाचं लिंबू दिसतं, आणि ते ताटात पिळून, मोठ्याने नाव घेऊन खाणारी दादी.

इतकं सगळं मला ठाऊक होतं. तरी मी चुकले.

२१ जुलै २०२१ ला बकरी ईद होती. त्या रात्री पाऊस थांबला नाही आणि २२ तारखेला वाशिष्ठी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरली. आम्ही मुंबईत काहीजणांनी मिळून पैसे जमवले. ते मुद्दाम सदक्याचे म्हणून जमवले. जकात बहुतेक फकिहांच्या मते मुसलमान हकदारांनाच देता येते. सदक्याला ते बंधन नाही, तो कोणाच्याही दारात जाऊ शकतो, आणि पाणी कोणाचं दार बघून आत शिरलेलं नव्हतं. पाचव्या दिवशी आमचा टेंपो पोचला. तांदूळ, पीठ, डाळ, तेल, चहा, साखर, दोन चादरी, एक बादली. कापडी पिशवीत एकेका घराचं सामान.

नदीजवळच्या एका गल्लीत एक आजी होती. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर गाळाची रेघ. देव्हाऱ्यातले देव धुऊन ओट्यावर उन्हात मांडलेले, शेजारी उपडी घातलेली भांडी. घरातलं सगळं सामान गल्लीत ढीग होऊन पडलेलं. आम्ही पिशवी दिली. आमच्यातल्या एकाने फोटो काढला. तिने पदर डोक्यावर ओढला आणि खाली बघितलं. फोटो काढायला नको होता, हे मला तेव्हाच कळलं आणि पुढच्या घरापासून आम्ही तो बंद केला. त्यानंतर जे झालं ते मात्र मला उशिरा कळलं.

आजीने पिशवीतून चहाचा पुडा काढला, साखरेचा काढला, आमच्यासमोरच दातांनी फोडला. "बाय, बसा जरा. चाय ठेवते. कोरीच आहे, दूध नाही." शेजारणीकडून आणलेला स्टोव्ह तिच्याकडे होता. तिने भांड्यांतून सहा कप वेचून काढले आणि एकेक पाण्याने विसळायला घेतला. कपाच्या कडेला गाळ बसलेला होता, तो ती अंगठ्याने घासून काढत होती.

मी म्हटलं, "नको आजी, अजून चाळीस घरं बाकी आहेत." आणि वर म्हटलं, "साखर तुम्हालाच राहू दे."

तिने हातातला कप उपडा ठेवला. "बरं," म्हणाली.

आम्ही पुढे गेलो. चाळीसच्या चाळीस घरं झाली. परतीच्या वाटेवर, परशुरामचा घाट चढताना, तो उपडा ठेवलेला कप माझ्या डोळ्यांपुढून हलेना. बरीराचं मांस खाल्लं गेलं. माझ्यापुढे आलेला चहा मी परत पाठवला, तोही साखर तिला पुरावी असं कारण देऊन, म्हणजे ती साखर अजून माझीच होती. पाच दिवसांत त्या बाईला फक्त घ्यावं लागलं होतं. पाणी, ब्लँकेट, शेजारणीचा स्टोव्ह, आमची पिशवी. पाच दिवसांनी पहिल्यांदा तिला कोणाला तरी काही देता आलं असतं.

दिल्याचे उपकार बोलून दाखवू नयेत, तसं केलं तर दिलेलं वाया जातं, हे कुरआनात स्पष्ट आहे. मी त्याचा अर्थ नेहमी बोलण्यापुरता घेत आले. उपकार न बोलताही दाखवता येतो, घाईने, नको म्हणून, पुढच्या घरांचा आकडा सांगून.

उस्मानी काळात तुर्कस्तानच्या शहरांत सदक्याचे दगड असायचे. इस्तंबूलच्या उस्कुदार भागात असा एक अजून उभा आहे. पुरुषभर उंचीचा दगडी खांब, वरच्या टोकाला खळगा. ज्याला द्यायचं तो हात वर करून खळग्यात पैसे ठेवायचा, ज्याला गरज असेल तो येऊन हवे तेवढे उचलायचा. दात्याचं नाव लपतं म्हणून लोक त्या दगडाचं कौतुक करतात. मला त्याची दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. लांबून बघणाऱ्याला हात वर गेलेला दिसतो, तो ठेवायला गेला की काढायला हे कळत नाही. आज काढणारा उद्या ठेवायला येत असेल, आणि ते फक्त त्या दगडाला माहीत.

घरी आल्यावर अम्मीला सगळं सांगितलं. किती घरं, किती पिशव्या, पाणी कुठवर चढलं होतं. अम्मी रात्रीच्या भाताचे तांदूळ निवडत होती. दादीला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती. डालड्याचा डबा गंजून गेला, त्या जागी आता प्लास्टिकची बरणी आहे, मापटं मात्र तेच.

तिने एवढंच विचारलं, "तिकडे कोणाकडे काही खाल्लंत-प्यायलात की नाही?"

ऑक्टोबरमध्ये मी पुन्हा चिपळूणला गेले. एकटी, एसटीने, आणि ठरवून रिकाम्या हाताने. फळं न्यावीत, मिठाई न्यावी असं वाटत होतं, पण नेली नाहीत. गल्ली ओळखू आली नाही इतकी स्वच्छ झाली होती, घराला नवा चुना होता, गाळाची रेघ त्याखालून अजून पुसट दिसत होती. आजीने मला ओळखलं नाही. मी टेंपोची आठवण करून दिली. मग म्हणाली, "बस बाय, चाय ठेवते."

दुधाचा चहा होता, भरपूर साखर घातलेला. मी दोन कप घेतले. तासभर बसले. तिच्या लेकाच्या दुकानाचं, पंचनाम्याचं, वाहून गेलेल्या शिलाई मशीनचं ऐकलं. उठले तेव्हा ती परसात गेली आणि दोन पडवळं घेऊन आली. मला विचारलं, पिशवी आहे का. मी नाही म्हटलं. ती आत गेली. खुंटीवरून तिने एक कापडी पिशवी काढली, धुतलेली, नीट घडी घातलेली. पिशवी आमचीच होती, टेंपोतली. त्यात तिने पडवळं घातली, वर चार हिरव्या मिरच्या ठेवल्या, आणि बंद माझ्या हातात दिले.